चौथं टोक

१

तुम्ही कधी न बोललेल्या वाक्याला आलेला हशा ऐकलाय का?

मी ऐकलाय. एकदा नाही, प्रत्येक प्रयोगाला. आणि तोही विंगेतल्या स्टुलावर बसून, जिथे नटांचा श्वाससुद्धा कानावर येतो.

मी प्रॉम्प्टर आहे. नट वाक्य विसरला की विंगेतून ते त्याला पुरवायचं, एवढंच माझं काम. शिकले शाळेपुरतीच, पण वाचन स्वच्छ आहे आणि आवाज सांभाळलेला. लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर कुजबुजतो. छे! कुजबूज पहिल्या रांगेला ऐकू जाते आणि नेमकी नटाला जात नाही. आवाज छातीतून काढायचा, खाली ठेवायचा, आणि सरळ त्या एका माणसाच्या कानात सोडायचा. सुईत दोरा ओवावा तसा.

आमचं सगळं घरच नाटकातलं. नवरा सुतार, नेपथ्य उभारतो. लोकांच्या नाटकातली त्याची दारं लोण्यासारखी लागतात, आणि आमच्या न्हाणीघराच्या दाराला मात्र दोरी बांधून ठेवावी लागते. सासूबाई नटी. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पण रंग लागला की पन्नाशीच्या. त्यांचं म्हणणं, रंग न लावताही पन्नाशीच्याच.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "स्वयंपाक येतो का?"

"येतो."

"तो मलाही येतो. मोठ्यानं वाचता येतं का?"

अशी मी प्रॉम्प्टर झाले.

२

आमचं नाटक एका कादंबरीवरून केलेलं आहे. गोष्ट अगदी साधी. एक आई आणि तिच्या मुली. जुनं घर रिकामं करायचा दिवस. सामान बांधता बांधता जी भांडणं आणि जो हसण्याचा गोंधळ होतो, तेच नाटक. शेवटी सगळ्याजणी पुढच्या दाराशी डोळे पुसत उभ्या राहतात आणि आई एकटीच मागच्या दारानं निघून जाते. लोक हसत हसत रडतात. शेहेचाळीस वर्षांत हे नाटक तीनदा उभं राहिलं, आणि तीनही वेळा चाललं.

पहिल्यांदा ते एका शाळेच्या सभागृहात झालं. शाळेतल्याच मास्तरांनी कादंबरीचं नाटक केलं होतं. सासूबाई तेव्हा धाकट्या मुलीचं काम करायच्या. बावीस-तेवीस वर्षांनी ते दुसऱ्यांदा आलं, तेव्हा त्या थोरली झाल्या. आता तिसऱ्यांदा आलंय, तर त्या आई. "आणखी वीस वर्षं थांबा," असं त्या मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीला म्हणाल्या, "मग मी घराचं काम करीन. नुसतं उभं राहायचं."

या सगळ्याचा इतिहास माझ्या मांडीवर असतो. प्रॉम्प्टरची प्रत एकच, पहिल्यापासूनची, तीन वेळा शिवलेली. पहिल्या प्रॉम्प्टरच्या खुणा निळ्या शाईत, दुसऱ्याच्या लाल शाईत, माझ्या पेन्सिलीनं. कुणी कुठे अडखळतं, कुठे दार अडतं, कुठे लोक टाळ्या देतात, सगळं तिच्यात आहे. एका पानावर निळ्या शाईत लिहिलंय, 'इथे धाकटी हसते. हसू देऊ नये.' ती धाकटी म्हणजे आमच्या सासूबाई.

दुसऱ्या अंकात चादरीचा प्रवेश आहे. चादर म्हणजे केवढी, दोन पलंगांवर पसरेल एवढी पांढरी. तिघी बहिणी तीन टोकं धरून ती झटकतात. चौथं टोक खुर्चीच्या उंच पाठीला अडकवलेलं असतं, आणि खुर्चीशेजारी आई उभी. तिथे संहितेत असं आहे:

थोरली: एवढी चादर झटकायला माणसं लागतात तरी किती?

आई: अगं, लाज नाही वाटत बोलायला!

एवढंच. आणि या दोन वाक्यांच्या मध्ये, समासात, निळ्या शाईत लिहिलंय: 'मोठा हशा. थांबा.' त्याखाली लाल शाईत: 'हशा. थांबा.' आणि त्याखाली पेन्सिलीनं, माझ्या हातानं, तेच.

तालमीत आमच्या दिग्दर्शिकेनं हे बरोबर पकडलं. पोरगी माझी मुलगी शोभेल एवढी, पण नजर घारीची.

"काकू, इथे एखादं वाक्य गळलंय का?"

मी पान तिच्यापुढे धरलं. "नाही गं. पहिल्यापासून असंच आहे."

"मग आजी चिडतात कुणावर? थोरलीनं तर साधा प्रश्न विचारलाय."

सासूबाई खुर्चीत बसून बिस्कीट खात होत्या. "तुला मुली नाहीत अजून," त्या म्हणाल्या. "मुली असल्या की चिडायला वाक्य लागत नाही."

सगळी तालीम हसली. दिग्दर्शिकाही हसली. आणि पहिल्याच प्रयोगाला त्या जागी, थोरलीचा प्रश्न संपला, मध्ये एक श्वासाची शांतता गेली, आणि अख्खं नाट्यगृह खदखदून हसलं.

मी मनाशी म्हटलं, सासूबाईंच्या चेहऱ्याला हसले असतील. चेहराच तसा आहे. विंगेतून मला त्यांची फक्त पाठ दिसते.

त्या दिवशी परतताना सासूबाईंनी एक जुनी गंमत सांगितली. शाळेतल्या पहिल्या प्रयोगाला कादंबरीच्या लेखिकाबाई आल्या होत्या. पडदा पडल्यावर रंगपटात येऊन, सगळ्यांच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "चौघी बहिणी गोड दिसलात हं."

"तुम्ही तर तिघीच ना?" मी विचारलं.

"तिघीच. मंडळात बायकाच चार, त्यातली एक आई. मास्तरांनी म्हणून तर काटछाट केली होती. पण एवढ्या मोठ्या बाईला कोण सांगणार की तुम्हाला मोजता येत नाही!"

३

मग सासूबाई विसरायला लागल्या.

घरात आधी. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणं, हे आपण सगळेच करतो. पण एक दिवस त्यांनी चहात साखर घातली, ढवळली, आणि मला म्हणाल्या, "पुढचं काय असतं गं?"

"प्यायचं असतं, आई."

"हो की!" म्हणून हसल्या. मीही हसले. रात्रभर मात्र मला ते हसू टोचत राहिलं.

रंगमंचावर त्यांना मी सांभाळून नेत होते. आधी एखादा शब्द, मग वाक्याचं तोंड, मग वाक्यच्या वाक्य. कुणाला कळत नव्हतं. पण घारीची नजर ती घारीची नजर. पंचविसाव्या प्रयोगानंतर दिग्दर्शिका माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात हातात घेतला, तेव्हाच मी ओळखलं.

"काकू, आजी अडतायत."

"वय झालं की थोडं..."

"मला त्या हव्या आहेत हो. पण परवा त्या इतक्या वेळ थांबल्या की मधलीनं त्यांचं वाक्य बोलून टाकलं. लोकांसमोर त्यांची फजिती झाली तर मला ते बघवणार नाही." तिनं माझा हात सोडला. "एका ताईंकडून आईची वाक्यं पाठ करून घेतलीयत. येत्या रविवारचा प्रयोग बघू. एकदा जरी पूर्ण अडल्या, तर पुढच्या वेळेपासून ताई उभ्या राहतील."

मी घरी काही बोलले नाही. पण आमच्या घरात भिंतींना नाही, सासूबाईंना कान आहेत. संध्याकाळी भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "ती ताई चांगली आहे. उंच आहे. पण तिला रागावता येत नाही. आईला आधी रागावता यायला हवं."

मी दुसरी जुडी सोडली.

"सूनबाई, माझं एक ऐक. मला आता दुसऱ्या कुणाचा आवाज पोचत नाही. तुझाच पोचतो. माझं वाक्य पडू देऊ नकोस. हे नाटक गेलं ना, तर मग मी नुसती म्हातारी."

"पडू देणार नाही," मी म्हटलं. शब्द देऊन बसले.

४

गोष्ट सगळी ठाऊक असली की वाक्यं टिकतात, असं मला वाटलं. म्हणून मी वाचनालयातून ती मूळ कादंबरी आणली. इतके प्रयोग नाटक मांडीवर घेऊन बसले, पण कादंबरी कधी वाचली नव्हती. कपडे वाळत घालून झाले की दुपारी रोज थोडी थोडी वाचायची, आणि सासूबाईंना सांगायची, असं ठरवलं.

पाचव्या पानावर मी थांबले.

कादंबरीत बहिणी चार आहेत. थोरली, मधली, धाकटी, आणि मधली नि धाकटीच्या मधली एक. सारखी बडबडते म्हणून घरात तिला चिवचिव म्हणतात. घरातलं सगळं हसू तिचं. मास्तरांनी काटछाट केली ती हीच. बायका कमी होत्या, काय करणार!

चादर झटकायचा प्रवेशही आहे. चौघी चार टोकं धरतात. थोरली विचारते, "एवढी चादर झटकायला माणसं लागतात तरी किती?" आणि चिवचिव म्हणते, "झटकायला चार, आणि चुका काढायला एक आई!" मग आई म्हणते, "अगं, लाज नाही वाटत बोलायला!"

मी मोठ्यानं हसले. एकटीच, भर दुपारी. वाक्यच तसं आहे.

आणि मग हसू तोंडावरच राहिलं.

नाटकात ते वाक्य नाही. मास्तरांनी ते काढलं आणि त्याचं उत्तर तेवढं काढायला विसरले. चूक माणसाकडून होते. पण लोक कशाला हसतात? मी घड्याळ समोर ठेवून ते वाक्य म्हणून बघितलं. तीन सेकंद. आमच्या प्रयोगात थोरलीचा प्रश्न संपल्यापासून हशा फुटेपर्यंत तेवढाच वेळ जातो.

मी स्वतःला समजावलं की तीन सेकंदांत काहीही मावतं. शिंक मावते. उचकी मावते.

शेवटचं पान मी सासूबाईंना सांगितलं नाही. त्यात सगळ्या पुढच्या दाराशी रडत उभ्या असतात. चिवचिव आईचा हात धरते आणि म्हणते, "चल आई, आपण मागच्या दारानं जाऊ. पुढच्या दारानं सगळे रडतात." दोघी निघतात. त्या कधी गेल्या, कुठे गेल्या, कुणालाच दिसत नाही.

नाटकात आई एकटीच जाते. पण सासूबाई जाताना डावा हात थोडा बाजूला, थोडा पुढे धरतात. मला नेहमी वाटायचं, किती सुंदर हावभाव आहे.

५

शनिवारी सकाळी खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय म्हणून नवरा नाट्यगृहात आला होता. मी विंगेत बसून कपडेपटातल्या कपड्यांना बटणं शिवत होते. रिकाम्या रंगमंचावर त्यानं खुर्ची आडवी केली, पाय ठोकला, परत उभी केली. मी सहज म्हटलं, "हुकही बघून घ्या हं. चादर त्यावरच असते."

"कसला हुक?"

"खुर्चीच्या पाठीचा. चौथं टोक अडकवतात तो."

त्यानं खुर्ची फिरवून बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "याला हुक नाही."

"नाही म्हणजे? पडला?"

"पडायला आधी लावायला लागतो. मी लावलाच नाही. मला यादीत आलं, 'खुर्ची, जुनीसारखी.' जुनी मी पुढून बघितली, तशी केली. मागून कोण बघतो?"

मी उठून गेले. पाठ वरून गोल, गुळगुळीत, पॉलिश केलेली. बोटसुद्धा ठरत नव्हतं. ना खिळा, ना भोक, ना ओरखडा.

"अहो, मग पंचवीस प्रयोग ती चादर कशावर राहिली?"

"अडकत असेल कशाला तरी."

"कशाला?"

तो खुर्चीभोवती फिरला. कपाळाला हात लावला. मग एकदम हसायला लागला. "अगं, मुलींपैकी कुणीतरी पिन मारत असेल. या पोरी बिलंदर असतात."

दुपारी मुली तालमीला आल्या तेव्हा त्यांना विचारलं. थोरली म्हणाली, टोक मधली अडकवते. मधली म्हणाली, धाकटी. धाकटी म्हणाली, "मी आपली समजत होते, तुम्हीच विंगेतून येऊन धरता, काकू. एक हात दिसतो ना."

"मी? मी स्टुलावरून हलत नाही गं."

"मग कपडेपटातल्या कुणी," म्हणून ती पोरगी आरशात बघून वेणी घालायला लागली.

नवऱ्यानं संध्याकाळी एक पितळी हुक खिशात टाकून ठेवला. "उद्या प्रयोगाआधी ठोकतो." आणि तो विसरला. आमच्या घरात विसरणं आता एकट्या सासूबाईंचं राहिलं नव्हतं.

६

रविवारी सकाळी माझा आवाज गेला.

सर्दी दोन दिवस होतीच. उठून "चहा घेता का?" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसता वारा. गुळण्या झाल्या, वाफ झाली, सुंठ-मध झालं. काही नाही. मी पाटीवर लिहून नवऱ्याला दाखवलं: 'आईंना सांगू नका.'

"मी प्रॉम्प्ट करू का?" त्यानं विचारलं.

मी हात जोडले. त्याचा आवाज लाकूड कापणाऱ्या माणसाचा. त्यानं वाक्य पुरवलं तर शेवटच्या रांगेतले लोक त्यालाच टाळ्या देतील.

तीनला प्रयोग. नाट्यगृह भरलेलं. दिग्दर्शिका समोर, पहिल्या रांगेच्या कडेला. तिसरी घंटा झाली, मी स्टुलावर प्रत उघडून बसले, आणि मनात देवाला म्हटलं, आजचा एक दिवस त्यांना काही विसरू देऊ नको.

पहिला अंक सोन्यासारखा गेला. सासूबाई अशा रागावल्या, अशा रुसल्या, की विंगेतला विजेवाला काम विसरून हसत बसला. दुसऱ्या अंकात चादर आली. मी प्रतीवरची नजर काढली आणि खुर्चीकडे बघितलं.

तिघींनी चादर उघडली. पांढरी चादर हवेत फुगली आणि खाली आली. तीन टोकं तीन मुलींच्या हातात. चौथं टोक खुर्चीच्या पाठीवर, वर, ताठ.

"एवढी चादर झटकायला माणसं लागतात तरी किती?"

शांतता. एक, दोन, तीन.

नाट्यगृह हसलं. भिंती हलाव्यात असं हसलं. मग हशा विरला, आणि सासूबाईंची पाठ तशीच उभी राहिली.

त्यांचं वाक्य आलं नाही.

मी ओळखलं. ती पाठ मी वीस वर्षं बघतेय. खांदे किंचित वर येतात, मान माझ्याकडे एक बोटभर वळते. मी छातीत हवा भरली, तोंड उघडलं, 'अगं, लाज नाही' सगळं जिभेवर तयार होतं. आवाज निघाला नाही. पुन्हा. नुसता वारा. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या रांगेत दिग्दर्शिकेनं हात तोंडावर नेला.

चार. पाच. सहा.

तेव्हा चादर हलली. तिघींपैकी कुणी हलवली नव्हती, त्या तर दगड झाल्या होत्या. लाट खुर्चीकडून आली. चौथ्या टोकाला एक झटका बसला, जोरात, खोडकर, आणि लाट चादरीभर पळत जाऊन धाकटीच्या नाकावर आपटली. लोक पुन्हा हसले.

आणि मी बघितलं. चादरीच्या त्या टोकाला, खुर्चीच्या पाठीच्या वर, एक अंगठा होता. पांढऱ्या कापडावर घट्ट दाबलेला. त्याच्याभोवती कापडाला बारीक चुण्या पडल्या होत्या, पंख्यासारख्या. कापडाखालून चार बोटांचे उंचवटे. त्यामागे कुणी असायला हवं होतं. त्यामागे पडद्यावर रंगवलेली खिडकी होती.

सासूबाई खुर्चीकडे वळल्या. या प्रवेशात पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा दिसला. असा उजळला होता, जसं कुणी खूप दिवसांनी घरी आलंय.

"अगं, लाज नाही वाटत बोलायला!" त्या गरजल्या. आणि तिथून पुढे त्या थांबल्याच नाहीत.

७

शेवटपर्यंत एक शब्द पडला नाही. मला आनंद व्हायला हवा होता. होतही होता. पण पानं संपत आली तशी मी पान उलटायला उशीर करायला लागले, कारण शेवटचं पान मी वाचलेलं होतं.

मुली पुढच्या दाराशी गेल्या. सासूबाई मागच्या दाराकडे निघाल्या. डावा हात थोडा बाजूला, थोडा पुढे. आज बोटं मिटलेली होती. हात धरल्यावर मिटतात तशी.

ते दार माझ्या नवऱ्यानंच केलंय. मागे हातभर अंधारी जागा, एक पायरी, आणि भिंत. तिथून बाहेर पडायचं तर माझ्या स्टुलासमोरूनच. दार उघडलं, सासूबाई गेल्या, दार लागलं. लोण्यासारखं. पडदा पडला. टाळ्या सुरू झाल्या.

मी वाट बघितली. त्या आल्या नाहीत.

प्रत स्टुलावर टाकून मी दारामागे धावले. पायरी होती, भिंत होती. सासूबाई नव्हत्या. मला ओरडायचं होतं आणि मला आवाज नव्हता. भिंतीवर हात आपटत राहिले. पलीकडे लोक टाळ्या वाजवत होते, पाऊस पडावा तशा, आणि माझ्या मनात एकच वाक्य फिरत होतं. त्या कधी गेल्या, कुणालाच दिसत नाही.

मग टाळ्या एकदम दुप्पट झाल्या.

मी विंगेत परत आले. पडदा उघडलेला होता. समोरच्या विंगेतून, रंगमंचाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, सासूबाई अभिवादनाला येत होत्या. हसत, थोड्या धापा टाकत, पोरीसारख्या.

८

रंगपटात नुसता कल्ला. दिग्दर्शिकेनं सासूबाईंच्या गळ्यात हात टाकले होते आणि ती रडत होती. "आजी, तो मध्ये जो थांबा घेतलात ना! माझा जीव गेला. आणि मग जे वळलात खुर्चीकडे! दर प्रयोगाला तसंच करायचं."

"करू की," सासूबाई म्हणाल्या. "ताईला सांग, तू अजून वीस वर्षं बस."

ताई शेजारीच होत्या. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "बसते आजी, पण तुमच्याजवळ."

मी पाटी पुढे केली. लिहिलं होतं: 'तुम्ही त्या बाजूनं कशा आलात?'

"त्या बाजूनं कशा म्हणजे? चालत." सासूबाईंनी चष्मा लावला. "आज लिहून काय विचारतेस?"

"तिचा आवाज बसलाय, आई. सकाळपासून," नवरा म्हणाला. "आणि त्या मागच्या दारातून पलीकडे जायला वाट नाही." मग स्वतःच म्हणाला, "थांब, तिथल्या रंगवलेल्या भिंतीचा एक फ्लॅट थोडा सरकतो. तिथून निघाली असशील." त्यानं जाऊन बघितलं. फ्लॅट वीतभर सरकतो. सासूबाई काही वीतभर नाहीत.

मी पाटी पुसून पुन्हा लिहिलं: 'वाक्य कुणी दिलं?'

सासूबाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझी हनुवटी धरून हलवली.

"तूच की! आणि आवाज कुठे बसलाय? इतका छान आवाज मी तुझा कधी ऐकला नव्हता. मोकळा, हसरा. नेहमी कशी दबून बोलतेस, आज अगदी कानाशी येऊन बोललीस. असंच बोलत जा."

मी पाटी खाली ठेवली. चादर धुवायला घरी न्यायची म्हणून घड्या घालायला घेतली. तीन टोकं मुलींच्या हातांच्या घामानं दमट होती, चुरगळलेली. चौथंही होतं.

नवऱ्याच्या खिशात तो पितळी हुक होता. त्यानं तो काढला, तळहातावर उलटासुलटा केला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं तो परत खिशात टाकला.

संध्याकाळी चादर धुऊन मी गच्चीवर वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काढायला सासूबाई, नवरा आणि मी, आम्ही तिघं गेलो, एकेक टोक धरून झटकली, आणि चौथं टोक खाली पडलं नाही.